दहा मोजेपर्यंत

"पाणी," साखरबाई म्हणाली, आणि सुलक्षणाने टेबलाच्या कडेवरून दोन बोटं उचलली.

बोटं उचलली एवढंच. मान वळवली नाही की कपाळाला आठी घातली नाही. तिची नजर समोर बसलेल्या पोपटरावांवर, साखरबाईच्या नवऱ्यावर, होती तशीच राहिली. भुवया किंचित वर, ओठ अर्धवट उघडे. ते आता बोलणारच आहेत आणि आपल्याला त्यातलं पहिलं अक्षरही चुकवायचं नाही, असा तिचा चेहरा होता. उजव्या हातातला पाण्याचा पेला तिने स्वतःच्या हनुवटीजवळ धरला होता, म्हणजे पेल्याकडे बघता बघता त्यांची नजर आपोआप तिच्या ओठांवर जावी. ती दोन बोटं मात्र साखरबाईसाठी होती. थांबा, असा त्यांचा अर्थ. तीन महिन्यांत तो अर्थ तिला पाठ झाला होता, आणि तरी दर मंगळवारी नि दर शुक्रवारी ती बोटं तिच्यासाठी उचलावीच लागत होती.

"मंडळी," पोपटराव म्हणाले.

सुलक्षणा हसली नाही आणि हिरमुसलीही नाही. तिने एकदा ओठ मिटून उघडून दाखवले, आवाज न काढता, आणि पुन्हा वाट बघू लागली. डाव्या हाताचं एक बोट टेबलावर हळूच पडत होतं. एक, दोन, तीन. बाहेर दौंडच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या आणि पुढच्या मेडिकलमध्ये कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. त्या माणसाला ते किती सहज मागता येत होतं, असं साखरबाईच्या मनात आलं. सात, आठ.

"पा," पोपटराव म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही. मानेची शीर ताणली गेली. मग "णी."

सुलक्षणाने पेला त्यांच्या डाव्या हातात दिला. शाब्बास नाही, टाळ्या नाहीत. मागितलं आणि मिळालं, जसं कुणालाही मिळतं तसं.

बोलायला शिकवणारी ही बाई तासाभरात जेमतेम वीस वाक्यं बोलत असेल. पहिल्या दिवशी साखरबाईला वाटलं होतं, हिला काही येत नाही. एवढी फी घेते आणि नुसती बघत बसते. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की ती बघते तेच खरं काम. पोपटरावांना खुर्ची दिली की ती स्वतःची खुर्ची ओढून बरोबर त्यांच्या समोर आणते, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला डोळे आणते, हातातला पेन खाली ठेवते आणि मग जी वाट बघते, ती अशी की खोलीतलं दुसरं सगळं थांबतं. शब्द चुकला तरी चेहरा पडू देत नाही. फारच चुकला तर उठून कपाटातून कसली तरी चित्रं काढायला जाते, आणि वळते तेव्हा चेहरा पुन्हा कोरा, पुन्हा उत्सुक.

साखरबाईला त्या नजरेचा हेवा वाटायचा. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. नवरा अर्ध्या अंगाने लुळा होऊन खुर्चीत बसलेला आणि बायकोला हेवा कशाचा, तर त्याच्याकडे कुणीतरी टक लावून वाट बघतंय याचा. पण वाटायचा खरा. आपलं बोलणं पुरं होईस्तोवर असं कुणी कधी थांबलं होतं का, हे ती परतीच्या वाटेवर भीमेच्या पुलापर्यंत आठवत बसे, आणि पूल आला की आठवणं सोडून देई.

पोपटरावांचं बोलणं मात्र अख्ख्या तालुक्याने ऐकलेलं होतं. मांडवगण फराट्यात लग्न कुणाचंही असो, माईक त्यांच्या हातात. मांडवात आलेला माणूस कुठल्या गावचा, कुठल्या सोसायटीवर, त्याचे वडील कोण, सगळं तोंडपाठ. न्हावऱ्यापासून दौंडपर्यंतची हजारभर नावं ते कागदाशिवाय घेत, एकही चुकत नसे. "बरं का मंडळी," असं म्हणून सुरुवात करत आणि वरातीतल्या पोरांनासुद्धा गप्प करत. साखरबाई तेव्हा मांडवाच्या मागे, आचाऱ्याच्या कढईजवळ, बायकांत बसलेली असे. तिथं भोंग्यातून त्यांचा आवाज तिच्यापर्यंत यायचा, सगळ्या जगाचा झाल्यावर. घरी तिच्या वाट्याला येई ते "अगं, चहा टाक" आणि "अगं, पांढरा शर्ट कुठाय". वाईट माणूस नव्हता. हात उचलला नाही, शिवी दिली नाही. वेळ नव्हता, इतकंच.

आठ महिन्यांपूर्वी झटका आला आणि त्या हजारभर नावांतलं एकही उरलं नाही. उरलं ते फक्त "मंडळी". पाणी हवं असलं तरी मंडळी, डास चावला तरी मंडळी, नातू मांडीवर आला तरी मंडळी. पहिल्या आठवड्यात भेटायला आलेली माणसं हा शब्द ऐकून खाली बघायची.

तास संपला तेव्हा मुलगा, इंद्रजीत, गाडी आणायला गेला. कुरकुंभच्या कंपनीत तो पाळी बदलून घ्यायचा, आबांसाठी. खोलीत तिघंच राहिली. पोपटराव खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"काकू," सुलक्षणा हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही मधे बोललात की आबांचा निघालेला शब्द तिथंच बसतो. त्यांच्या आत तो चालू असतो हो. उशीर लागतो फक्त."

"कळतंय मॅडम. पर सवय हाय." साखरबाई पदराशी चाळा करत राहिली. "अडतीस वर्सं झाली, त्यांनी मागायच्या आधी हातात दिलंय. कधी मागाय लागलंच न्हाई त्यांना."

सुलक्षणाच्या भुवया वर गेल्या आणि ती थोडी पुढे झुकली. ती नजर आपल्यासाठी आहे हे साखरबाईला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिने हातातला पदर सोडला.

"एक इचारायचं व्हतं," ती म्हणाली. "अर्धं राह्यलेलं वाक्य परत येतं का?"

"कुठलं वाक्य?"

मग साखरबाईने सांगितलं. त्या दिवशी सून, इंद्रजीत, नातू, सगळे न्हावऱ्याला सुनेच्या भाच्याच्या जावळाला गेले होते. घरात ही दोघंच. सकाळी अकराची वेळ. ती स्वयंपाकघरात कोथिंबिरीच्या वड्या तळत होती आणि हे पुढच्या खोलीत फोनवर. ती मध्येच दाराशी जाऊन काहीतरी बोलायला लागली, तर त्यांनी हात वर करून थांब म्हटलं, म्हणून ती परत कढईपाशी आली. काही वेळाने ते स्वतः स्वयंपाकघराच्या दारात आले. चौकट धरून उभे राहिले. "अगं, ते" एवढं म्हणाले, आणि पुढचं तोंडातून आलंच नाही. तोंड एका बाजूला गेलं, मग पाय गेला.

"काय म्हणत व्हते कुणास ठाऊक," साखरबाई म्हणाली. "कवा सैपाकघराकडं फिरकायचे न्हाईत. मुद्दाम आले, माझ्याशी बोलाया. आन् तेवढंच राह्यलं."

इंद्रजीतचं म्हणणं होतं, शर्ट विचारायला आले असतील, नाहीतर गाडीची चावी. असेलही. पण साखरबाईने ते दोन शब्द आठ महिने जवळ बाळगले होते. रोज त्यांना पुढचे वेगळे शब्द जोडून बघायची. त्यांतले काही तर असे होते की स्वतःशी म्हणतानाही तिचा चेहरा तापायचा. दौंडपर्यंतच्या खड्ड्यांतून ती आठवड्यातून दोनदा येत होती ती नवऱ्याने पाणी मागावं म्हणून नव्हे. पाणी तर तिला न मागताही देता येत होतं. त्या वाक्याचा उरलेला भाग तिला हवा होता. तो आपला आहे असं तिला वाटत होतं.

सुलक्षणाने खोटा धीर दिला नाही. "आबांना ते आठवत असेल की नाही, मला नाही सांगता येणार," ती म्हणाली. "पण विचारून बघा ना त्यांना. समोर बसून विचारा. आणि विचारल्यावर थांबा."

"किती?"

"दहा मोजेपर्यंत. मनात. आणि तोंडाकडे बघत."

समोर बसून, तोंडाकडे बघत. सुलक्षणाच्या पिढीला यात काही अवघड वाटलं नसतं. साखरबाई लग्न होऊन आली तेव्हा सासू-सासऱ्यांपुढे नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, अशी घराची शिस्त होती. सासरे गेले, सासू गेली, शिस्त राहिली. पोपटरावांचं ताट तिला माहीत होतं, चपला माहीत होत्या, शर्टाची कॉलर कुठे मळते ते माहीत होतं. चेहरा ती नेहमी बाजूने बघत आली होती. डाव्या भुवईत त्यांना जुन्या जखमेची बारीक खूण आहे, हे तिला दौंडच्या त्या खोलीत, सुलक्षणाच्या खांद्यावरून बघताना पहिल्यांदा दिसलं होतं.

तिने सराव सुरू केला. कपाटाच्या आरशासमोर उभी राहून भुवया वर करायच्या, ओठ थोडे उघडे ठेवायचे, मान पुढे. पहिल्यांदा स्वतःलाच हसू आलं. दुसऱ्यांदा सून दारात येऊन उभी राहिली.

"आई, दाढ दुखतीय का?"

"व्हय, जरा," साखरबाई म्हणाली. मग दोन दिवस तिला लवंगेचं तेल लावून घ्यावं लागलं.

पुढच्या गुरुवारी दुपारी सून नातवाला घेऊन शाळेतल्या पालकसभेला गेली आणि इंद्रजीत कामावर होता. साखरबाईने पोपटरावांना जेवायला घातलं, तोंड पुसलं, पुढच्या खोलीत खुर्चीत आणून बसवलं. मग आतून प्लास्टिकची दुसरी खुर्ची आणली आणि त्यांच्या समोर ठेवली. ती तिरकी होती, म्हणून सरळ केली. त्यांच्या समोर खुर्चीत ती घरात कधी बसली नव्हती. पदर सावरला, बसली, उठली, दार लोटून आली आणि पुन्हा बसली.

पोपटराव तिच्याकडे बघत होते.

"एक इचारू?" ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली.

"त्या दिवशी तुम्ही सैपाकघराच्या दारात आला. 'अगं, ते' म्हणाला. पुढं काय म्हणणार व्हता?"

विचारून झालं. तिने मान पुढे केली, भुवया वर नेल्या आणि अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला. एक. दोन. त्यांच्या डोळ्यांकडे बघवेना, तरी बघितलं. चारला त्यांची नजर दाराबाहेर गेली आणि परत आली. सहाला "मं" असा आवाज निघाला, तो त्यांनी स्वतःच गिळला. ओठ हलत होते, काही येत नव्हतं. आठव्या पेराला त्यांनी डावा हात उचलला आणि पंजा तिच्यासमोर उभा धरला.

हा पंजा तिच्या ओळखीचा होता. अडतीस वर्षांचा. थांब, नंतर, आत्ता नको. सगळं गेलं होतं त्यांचं, नावं गेली, गावं गेली, आणि हा पंजा तेवढा शाबूत राहिला होता. आपण काय वेड्यासारखं आठ महिने दोन शब्द घेऊन बसलो, असं साखरबाईला झालं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि उठली.

पोपटरावांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. ती वळली. त्यांनी पुन्हा थाप मारली, म्हणून ती बसली.

त्यांनी डाव्या हाताची मूठ कानाला लावली आणि नुसतेच ओठ हलवले. मग मूठ सोडून पंजा तिच्यासमोर उभा केला, मघासारखाच. तिच्याकडे बघून घेतलं. कळलं का, असं ते बघणं होतं. तिला कळलं नव्हतं. त्यांनी पुन्हा मूठ कानाला लावली, पुन्हा पंजा उभा केला. आणि मग तो पंजा हळूहळू उलटा केला, तळवा वर, आणि तसाच उघडा गुडघ्यावर ठेवला. कमरेतून जमेल तेवढे पुढे झुकले. डावी भुवई वर गेली, उजवी तिच्या मागून अर्धीच. ओठ थोडे उघडे.

हा चेहरा तिने आठवडाभर आरशात आणायचा प्रयत्न केला होता. तो सुलक्षणाचा चेहरा होता. तीन महिने त्या खोलीत एकटी साखरबाईच काही बघत नव्हती.

फोन. मग थांब. मग हा उघडा हात.

"माझं?" तिने विचारलं. तिचा आवाज तिलाच बारीक वाटला. "मी काय म्हणत व्हते, ते?"

त्यांनी मान हलवली. एकदा नाही, तीन-चारदा, जोराने, आणि लाळ आली ती पुसायचंही विसरले.

म्हणजे ते वाक्य तिला द्यायला आणलेलं नव्हतंच. ते विचारायला आले होते. फोन खाली ठेवून, खुर्चीतून उठून, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले होते, अगं, ते तू मघाशी काय म्हणत होतीस, एवढं विचारायला. आधी कधी असे आले होते का, हे तिने आठवून बघितलं. एकही वेळ आठवेना. त्या दिवशी का आले, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. पण आले होते. आणि तिच्या बोलण्याचा उरलेला भाग तेही आठ महिने मागत होते, रोज, मंडळी मंडळी म्हणत, आणि ती त्यांना पाणी आणून देत होती.

त्यांचं डावं बोट गुडघ्यावर पडायला लागलं. एक. दोन.

"काय न्हाई" हे तिच्या ओठांवर आलं. आजवर प्रत्येक वेळी ती तेच म्हणत आली होती. त्या दिवशीच्या धावपळीत, दवाखान्याच्या गाडीत, तिथल्या बाकड्यावर, आपण काय म्हणणार होतो ते ती पार विसरून गेली होती. कुणी विचारलंच नव्हतं. आता विचारल्यावर ते हळूहळू वर आलं. ओट्यावर गार व्हायला ठेवलेल्या वड्या आल्या, रिकाम्या घराची शांतता आली, आणि आपण आरशात बघून केस नीट केले होते तेही आठवलं.

"साधंच व्हतं," ती म्हणाली. "घरात कुणी नव्हतं. वड्या केल्या व्हत्या तुमच्या आवडीच्या. तुम्ही फोनवर कुठं तरी जायचं ठरवत व्हता."

ती अडली. पोपटरावांनी मदत केली नाही. तळवा तसाच उघडा होता आणि बोट पडत होतं. पाच. सहा.

"म्हटलं," ती म्हणाली, "म्हणावं, आज घरीच थांबा."

बोलून झालं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ महिने झाले, हा माणूस रोज दुपारी घरीच तर होता. त्यांना टोमणा वाटला असेल का? आपण मागितलं आणि देवाने हे असं दिलं, असं वाटलं असेल का? ती पदराचं टोक तोंडाशी नेऊन खाली बघायला लागली, मग तिला सुलक्षणा आठवली आणि तिने मान वर केली.

पोपटरावांच्या डाव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं होतं आणि तोंडाची तीच बाजू हसत होती. त्यांनी श्वास घेतला. मानेची शीर ताणली.

"थां," ते म्हणाले.

मग ओठ मिटले, दौंडच्या खोलीत शिकवले होते तसे घट्ट, आणि बऱ्याच वेळाने उघडले. "ब."

आणि तिथंच अडलं. ओठ हलत होते, जीभ दातांशी जाऊन परत येत होती. पुढचं एकच अक्षर राहिलं होतं आणि ते कुठलं, हे साखरबाईला कळलं होतं. अख्खा शब्द तिच्या स्वतःच्या जिभेवर येऊन तयार होता. तिने दातांखाली जीभ दाबून धरली. खुर्ची थोडी पुढे ओढली, भुवया वर केल्या आणि अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवला.